आजीचा उतार : उजनीखालच्या वाटेच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आज भोगी, म्हणून काल रात्रीच पुण्याहून सगळे नव्या गावठाणात आलो. नवं म्हणायचं पण त्यालाही आता पन्नास वर्षं होत आली, उजनी धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हा वर माळावर जे प्लॉट मिळाले तेच हे. सकाळी आजी तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होती, मी शेजारी बसून होते, सहज विचारलं की सणाला तुला माहेरी न्यायला कोण यायचं. तर म्हणाली, "न्यायला कशाला कोण पायजे? आमी दोघी जावा चालत जायचो की. म्हसोबाचा उतार उतरला की पल्याड माझं माहेर. दीड कोस."

आजीचं माहेर करमाळा तालुक्यात आहे आणि आम्ही इंदापूर तालुक्यात. मी लहानपणापासून तिकडे गेलेय ती एसटीने नाहीतर गाडीने, भलामोठा वळसा घालून, साठ किलोमीटरच्या वरच भरतं. दीड कोस म्हणजे पाच किलोमीटरसुद्धा नाही. इतक्या वर्षांत हे कधी डोक्यातच आलं नव्हतं की आजीचं माहेर समोरच होतं, मध्ये फक्त भीमा होती आणि उन्हाळ्यात भीमा पायी उतरता यायची.

ठरवलंय. जुने नकाशे मिळवायचे, दोन्ही गावं, ती वाट आणि तो उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, नक्की कुठे होता ते शोधायचं आणि आजीला दाखवायचं. ती ८४ वर्षांची आहे त्यामुळे हे निवांत करू असं म्हणून चालणार नाही. लॅपटॉपवर फोल्डर केला, नाव दिलं 'उतार'.

२१ जानेवारी

अप्पांनी, म्हणजे आजीच्या लेकाने, पत्र्याची पेटी उघडून दिली. भूसंपादनाच्या नोटिसा, दोन जुने सातबारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, वाळवीने कोपरे खाल्लेत पण सर्व्हे नंबर वाचता येतात. आमचे चार नंबर गेले पाण्यात. अप्पा ११ वर्षांचे होते गाव उठलं तेव्हा. धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं आणि १९८० ला पुरं झालं, मधल्या काळात एकेक गाव उठत गेलं. अप्पा म्हणाले आम्ही शेवटच्या बैलगाड्यांपैकी एक, दाराच्या चौकटी सुद्धा काढून आणल्या होत्या. त्यातली एक आत्ता आमच्या गोठ्याला आहे, हे मला आज कळलं.

४ फेब्रुवारी

मोठं काम झालं आज. स्वातंत्र्याच्या आधीच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंच म्हणजे एक मैल वाल्या शीटा एका परदेशी विद्यापीठाच्या लायब्ररीच्या स्कॅनमध्ये मिळाल्या, आमच्या भागाच्या सुद्धा. ज्यांना हे शीट नंबर माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते कारण एकदा समजलं की कुठल्याही गावाची शीट स्वतः काढता येते. चार अंश बाय चार अंशाचा एक मोठा चौकोन, आपल्या पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागासाठी तो ४७. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, त्यांना ए ते पी अक्षरं, आणि अक्षरं वरून खाली जातात, मग पुढच्या रांगेत. त्या प्रत्येक तुकड्याचे परत सोळा, पंधरा मिनिटांचे, ते पण वरून खाली. पुणे शहर ४७ एफ/१४ मध्ये येतं ते असं.

आता आमची गंमत म्हणा किंवा अडचण म्हणा, ७५ अंश रेखांश आमच्या शिवाराला लागूनच जातो. म्हणजे आमचं जुनं गाव ४७ जे/१६ च्या उजव्या कडेला आणि आजीचं माहेर ४७ एन/४ च्या डाव्या कडेला. वाट एका शीटच्या कडेला संपते आणि दुसऱ्या शीटवर परत सुरू होते. छापणाऱ्यांना काय माहीत की त्या कडेवरून दोन जावा सणाला जायच्या.

पण नकाशावर गाव बघितलं आणि अंगावर काटाच आला. लाल ठिपक्यांची छोटीशी वस्ती, देवळाची खूण, विहीर, आमराई असावी अशी झाडं. नदी बारीक, निळी, मध्ये वाळूचे ठिपके. मी जन्मल्यापासून तिथे समुद्रासारखं पाणीच बघितलंय, ही नदी मी पहिल्यांदा बघितली.

११ फेब्रुवारी

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही शीटा बसवल्या, चार कोपऱ्यांचे अक्षांश रेखांश दिले आणि खाली सॅटेलाइट लावून बघितलं तर सगळंच एका अंगाला सरकलेलं. रस्ता रस्त्यावर नाही, टेकडी टेकडीवर नाही. दोन तास गेले मग लक्षात आलं. जुन्या शीटवरचे अक्षांश रेखांश एव्हरेस्टच्या मापाने आहेत. एव्हरेस्ट म्हणजे ज्यांचं नाव शिखराला दिलं तेच, भारताच्या सर्वेक्षणाचे प्रमुख, त्यांनी १८३० ला पृथ्वीचा आकार काढला आणि आपले नकाशे कितीतरी वर्षं त्यावरच निघाले. आपला फोन चालतो डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या मापावर. दोन्हीत पृथ्वीचा आकार आणि मध्य वेगळा धरलाय, त्यामुळे तोच आकडा जमिनीवर वेगळ्या जागी पडतो. आधी कल्याणपूर डेटम, म्हणजे त्या जुन्या मापाचा आधार, सांगायचा आणि मग सॉफ्टवेअरला बदलून घ्यायला सांगायचं. तसं केल्यावर बसलं. दोन्ही शीटांची किनार कापून जोडल्या आणि ७५ ची रेघ पुसली गेली.

जोडल्यावर वाट सलग दिसली! आमच्या गावातून तुटक लाल रेघ निघते, नदीकडे उतरते, आणि नदीच्या निळ्या पट्ट्याशेजारी बारीक अक्षरांत फोर्ड असं लिहिलंय. फोर्ड म्हणजेच उतार. पलीकडून रेघ परत वर चढते.

आणखी एक बघण्यासारखं. नदीच्या काठाने छोटे आकडे आहेत आणि पुढे आर, म्हणजे तिथे दरड किती उंच आहे ते, या जुन्या शीटवर फुटांत. आमच्या बाजूला २५, ३०, परत २५ असं चाललंय आणि जिथे वाट उतरते त्या जागी आकडा नाही. तिथे दरड नव्हती, उताराला ती जागा म्हणूनच निवडली गेली असणार.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

गाव नकाशासाठी रजा टाकून एका सरकारी ऑफिसात गेले. तीन टेबलं फिरले. बुडीत गावाचा नकाशा कशाला पायजे, त्या जमिनी आता सरकारजमा आहेत, असं सांगितलं. अर्ज द्या म्हणाले, दिला, पोच घेतली. घरी येताना डोळ्यात पाणी आलं खरं सांगायचं तर. जमीन पाण्यात गेली म्हणून तिचा नकाशा पण नको का? परत जाणार आहे मी.

१२ मार्च

मिळाला. दुसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या शिपाईमामांनी ऐकून घेतलं, त्यांचं स्वतःचं गाव पण धरणात गेलेलं, ते स्वतः रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि रीतसर फी भरून नक्कल मिळाली. आमच्या दोन नंबरांची टिपणं सुद्धा मिळाली.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते कारण आमच्या तालुक्यात राहून मला माहीत नव्हती. मुंबई इलाख्यात ज्या पद्धतीने जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी झाली, सर्व्हे नंबर, बांधाचे दगड, तीस वर्षांचा करार, ती पद्धत सुरू झाली ती आमच्या इंदापूर तालुक्यातून, १८३६ ला. गोल्डस्मिड आणि विंगेट असे दोन अधिकारी होते. त्याच्या आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली आकारणी शेतकऱ्यांना झेपली नव्हती, लोक जमिनी टाकून निघून जात होते, म्हणून परत नव्याने केली. म्हणजे महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याची मुळं ज्या मातीत आहेत त्यातली बरीच माती आज उजनीच्या पाण्याखाली आहे.

आता टिपण. टिपण म्हणजे एका सर्व्हे नंबरची मोजणी करताना काढलेलं कच्चं चित्र, मधून एक सरळ रेघ आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना बांधाच्या कोपऱ्यांपर्यंतची अंतरं. अंतरं लिहिलेली साखळी आणि आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांपेक्षा थोडा जास्त. आणि एक साखळी बाय एक साखळी म्हणजेच एक गुंठा, १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे झाले की एकर. हे सगळं एकात एक किती छान बसतं ते मला आज कागदावर करताना समजलं, शाळेत नुसतं पाठ केलं होतं. आमचा नदीकाठचा नंबर आहे त्याची मधली रेघ १४ साखळ्या ६ आणे. ३३ गुणिले १४ म्हणजे ४६२ फूट, सहा आण्यांचे सव्वाबारा फुटांहून थोडे जास्त, एकूण साधारण ४७४ फूट, मीटरमध्ये १४४ आणि अर्धा. कुणीतरी भर उन्हात ती लोखंडी साखळी ओढत आमच्या रानातून गेला असेल, मागे माझ्याच घरातलं कुणीतरी उभं असेल.

१७ मार्च

गाव नकाशा बसवणं सगळ्यात अवघड कारण त्यावर अक्षांश रेखांश काहीच नसतात. प्रमाण १:७९२० चं, म्हणजे एक इंचाला वीस साखळ्या. सर्व्हे नंबर, ओढे, विहिरी, वाटा एवढंच. पण आमच्या गावाचं सगळं शिवार बुडालेलं नाही, माळाकडचा भाग वर आहे आणि तिथले बांध अजून जवळपास तसेच आहेत, सॅटेलाइटवर दिसतात. दक्षिणेचा तिवडा, जिथे तीन गावांच्या शिवा मिळतात, तिथला दगड माझ्या चुलतभावाने जाऊन फोटो काढून पाठवला आणि लोकेशन दिलं. दोन ओढ्यांचा संगम, जुन्या विहिरी, खंडोबाचं देऊळ असे मिळून नकाशा जुळवायला ९ पॉइंट झाले. सरासरी चूक १४ मीटर. मग एक विहीर चुकीची धरली होती ते कळलं, तिच्या शेजारी नंतर दुसरी पाडलीये, ती काढली तर ८ वर आलं. शंभर वर्षांहून जुना, घड्या पडलेला, आकसलेला कागद आणि चूक ८ मीटर, मला तर हे फार भारी वाटतं.

जे कुणी असं करत असतील त्यांना एक सांगणं, नकाशा बसवताना थिन प्लेट स्प्लाइन नावाची पद्धत वापरली की चूक शून्य दाखवते, त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ते प्रत्येक पॉइंटला नकाशा ताणून नेऊन चिकटवतं, पॉइंट चुकलेला असला तरी. आधी साध्या पद्धतीने तपासायचं. आणि माझे सगळे पॉइंट माळावर आहेत, नदीकडे एकही नाही, त्यामुळे नदीकडे चूक वाढलेली असणार हे मनात धरूनच पुढे जायचंय.

गाव नकाशावर पण ती वाट आहे. दोन तुटक रेघांची, म्हणजे गाडीवाट. पाऊलवाट असती तर एकच तुटक रेघ असती. पाऊलवाट सव्वाआठ फूट धरतात म्हणजे पाव साखळी, गाडीवाट साडेसोळा फूट ते एकवीस फूट, साडेसोळा म्हणजे बरोबर अर्धी साखळी. तर आमच्या उतारावरून बैलगाड्या जायच्या. अप्पांना फोन करून विचारलं तर म्हणाले, हो मग, पलीकडच्या बाजाराला कडबा जायचा.

३१ मार्च

नदीकडे पॉइंट नाहीत त्यावर उपाय म्हणून जुने सॅटेलाइट फोटो. लँडसॅट हा अमेरिकेचा उपग्रह १९७२ पासून आहे आणि फुकट मिळतं, धरण भरायच्या आधीचे फोटो त्यात आहेत. पण पिक्सेल एवढा मोठा की आख्खं गाव दोन चार ठिपक्यांत मावतं. नदी मात्र स्वच्छ दिसते, इन्फ्रारेडमध्ये पाणी काळं पडतं त्यामुळे काळी दोरी टाकल्यासारखी. मग १९८० नंतरचा फोटो लावला. दोरीचं तळं झालेलं. दोन्ही एकावर एक ठेवून लेयर चालू बंद करत बसले होते, किती वेळ ते कळलं नाही.

दुसरं म्हणजे कोरोना, आजार नव्हे, अमेरिकेचे १९६० ते १९७२ मधले हेरगिरीचे उपग्रह. फिल्मवर फोटो काढायचे, फिल्मची कुपी पॅराशूटने खाली सोडायचे आणि विमानाने ती हवेतच पकडायची. ते सगळं १९९५ ला खुलं केलं. स्कॅन झालेले नसतील तर ३० डॉलर भरून मागवता येतात. आमच्या भागाची एक पट्टी मिळाली, अर्ध्या भागावर ढग आहेत पण गाव ढगातून सुटलंय. हेरांना आमच्या गावात काय रस असणार, वाटेत लागलं म्हणून आलं. पण त्या काळ्यापांढऱ्या फोटोत देवळासमोरचं झाड एकटं उभं दिसतं, सावलीसकट. नदीकाठच्या आमच्या नंबरचा बांध पण दिसला. टिपणात १४४ मीटर होतं, फोटोत मोजलं तर १४७ आलं.

९ एप्रिल, पाडवा

आजचा दिवस मी विसरणार नाही. इंदापूरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर गाव नकाशाची प्रिंट काढून आणली, खाली कोरोनाचा फोटो फिकट ठेवून. गुढी उभारून झाल्यावर ओसरीवर पसरली, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. आजीला आधी काहीच उमगेना. नंबर तिला माहीतच नाहीत, तिला नुसती नावं माहीत. आणि नकाशावर एकही नाव नाही, नुसते नंबर.

अप्पा म्हणाले तिला वरून दाखवू नकोस, चालव. मग मी तिचं बोट धरलं आणि देवळाच्या खुणेवर ठेवलं. हे मारुतीचं देऊळ. इथून आपल्या घरी कशी जायचीस? ती म्हणाली, देवळाला पाठ करून उजव्या हाताला, लव्हाराचं घर सोडलं की आपलं. बोट तिथे थांबलं. मग पुढे, पाण्याला कुठे जायचीस? बोट चाललं. आणि मग जे सुरू झालं ते मला लिहून घेता येईना, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. बाभळीचा मळा. थोरलं वावर. चोपण. तुकडा. इनामाची पट्टी. म्हातारीची इहीर, तिच्यात एक म्हातारी पडली होती म्हणून. वाटणीत आलेलं, हरलेलं, परत घेतलेलं, सगळं. एका नंबरवर ती थांबली, जरा गप्प झाली आणि म्हणाली, "हितं तुझ्या चुलत्याला ठिवलाय." तिचं पहिलं मूल, सहा महिन्यांचं गेलं होतं, मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. अप्पा उठून बाहेर गेले.

एकूण २३ नंबरांना नावं मिळाली. संध्याकाळी ती परत आपण होऊन कागदाजवळ येऊन बसली आणि बोटाने वाट धरून नदीपर्यंत गेली. "हा म्हसोबा. हितं नारळ न्हाय तर निदान खडीसाखर ठिवायची आन मग पाण्यात पाय घालायचा." म्हसोबा नकाशावर नाही, कुठल्याच नाही. तिने सांगितलं तिथे मी पेनने शेंदरी टिंब काढलं.

रात्री दोन्ही शीटांवरून घराच्या दारापासून तिच्या माहेरच्या वस्तीपर्यंत वाटेने अंतर मोजलं. ४.९ किलोमीटर. कोस साधारण दोन मैलांचा धरला तर दीड कोस.

५ मे

पाणी भराभर चाललंय. उजनीचं आमच्याकडे सगळं टक्क्यांत बोलतात. ११७ टीएमसीचं धरण (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला तळाचा ६३ टीएमसीहून थोडा जास्त साठा मृत धरतात, त्या रेषेला शून्य टक्के. त्याच्या खाली गेलं की धरण मायनसमध्ये. यंदा जानेवारीतच मायनसमध्ये गेलंय, पाऊस नव्हता गेल्या वर्षी.

नकाशाशी ताळमेळ लावला. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर म्हणजे १६३० फूट. शून्य टक्क्याला ४९१.०३ मीटर म्हणजे १६११ फूट. जुन्या शीटवर कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, पन्नास पन्नास फुटांना आहेत, त्यातला १६०० चा कंटूर आमच्या गावठाणाच्या खालून, नदीच्या अंगाने जातो. म्हणजे शून्य टक्के झालं तरी गाव दिसत नाही, त्याच्या बरंच खाली जावं लागतं, आणि तसं काही वर्षांतून एकदाच होतं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर आलं की पेपरात फोटो येतात आणि लोक बघायला जातात. आमच्या मारुतीला शिखर नव्हतं आणि देव पण वर आणलेला, त्यामुळे त्याचे फोटो कुणी काढत नाही. यंदा जायला मिळेल असं वाटतंय. आनंद होतोय असं लिहिणार होते पण नाही लिहवत, चुलतभावाने आत्तापर्यंत तीनदा मोटार पुढे सरकवली, दरवेळी पाइप आणि केबल वाढवायची, पाण्यापर्यंत चारी खणायची, आणि ऊस तरी जळतोच आहे. आमचं गाव वर येतं ते असल्याच वर्षी.

२२ मे

काल संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट उलटली. आमच्या दोन्ही तालुक्यांत तेच चाललंय, फोन थांबत नाहीत. एनडीआरएफ आलंय. माझ्याने आज नकाशा उघडवला नाही. आजी सकाळपासून जेवली नाही.

२४ मे

सहा जण गेले, त्यात लहान मुलं. माणसं अजून पण नदी ओलांडतातच, सोयरीक पलीकडे, दवाखाना पलीकडे, आणि वळसा साठ सत्तर किलोमीटरचा. जुन्या शीटवर आमच्या या पट्ट्यात उताराच्या खुणा मी मोजल्या, शिवाय नावेच्या जागा वेगळ्या. पावसाळ्यात नाव आणि उन्हाळ्यात पायी, अशी दोन्ही काठांची गावं एकमेकांना बांधलेली होती. फुगवट्याच्या वरच्या अंगाला डिकसळचा पूल, तो पण मूळचा रेल्वेचा, १८५८ ला पुण्याहून डिकसळपर्यंत गाडी आली त्या लाइनवरचा. धरणामुळे लाइन हलवली आणि पूल रस्त्याला दिला. जमिनीची किंमत लावली गेली, घरांची लावली गेली, झाडांची पण लावली. उताराची किंमत कुठल्या नोटिशीत मला सापडली नाही. म्हणून आता हे काम मला नुसतं आजीसाठी वाटत नाही. सगळ्या उतारांचा एक वेगळा लेयर करायचा ठरवलंय.

जाताना बोटीने अजिबात जायचं नाही, पायीच आणि जिथपर्यंत कोरडं आहे तिथपर्यंतच, असं अप्पांनी बजावलं.

२ जून, रविवार

पहाटे साडेपाचला निघालो. अप्पा, चुलतभाऊ आणि मी. धरण उणे पन्नासच्या खाली गेलंय. फोनमध्ये क्यूफील्ड या नकाशाच्या ॲपवर गाव नकाशा, कोरोना आणि आजीची नावं सगळं टाकून घेतलं होतं.

माळ संपला की आधी गाळपेर, म्हणजे पाणी हटलेल्या गाळावरची पेरणी, कुणी कुणी कडवळ केलंय. मग भेगाळलेला गाळ, भेगा एवढ्या की पाऊल आडवं बसावं. मग मोटारींच्या केबलींचं जाळं, शिंपले, सुकलेल्या चिलापीचा वास. दादा पुढे काठी टोचत, आम्ही त्याच्या पावलावर पाऊल ठेवत. निळा ठिपका नकाशावर सरकत होता आणि मी मोठ्याने सांगत होते, आता बाभळीचा मळा, आता थोरलं वावर. अप्पा काही बोलत नव्हते.

मग मातीचा रंग बदलला. पांढर लागली. गावठाणाला पांढर का म्हणतात ते पुस्तकात वाचलं होतं, पायाखाली आज पहिल्यांदा आली. शेकडो वर्षांची राख, चुना, भिंतींची माती, सगळीकडे खापरं, जात्याची अर्धी तळी, बांगडीचे काचेचे तुकडे. जोती ओळीने उभी आहेत, दगड बरेचसे लोकांनी नेलेत, पण तळाचा थर आहे. देवळाचा चौथरा फोनवर दाखवत होता तिथून ११ मीटर पूर्वेला मिळाला. म्हातारीच्या विहिरीचं चिरेबंदी कडं मिळालं, गाळाने तोंडापर्यंत भरलेली. झाडाचं खोड पण होतं, काळं पडलेलं, कोरोनाच्या फोटोत सावली पडलेलं तेच असणार असं मला वाटतं.

अप्पा देवळाच्या चौथऱ्याला पाठ करून उभे राहिले, उजवीकडे वळले, पावलं मोजल्यासारखे चालत गेले आणि एका जोत्यापाशी थांबले. मी फोन बघितला, बरोबर होतं, पण मी काही सांगितलं नाही. उंबऱ्याचा दगड जागेवर आहे, मधोमध झिजलेला. अप्पा खाली बसले आणि हाताने त्यावरचा गाळ काढायला लागले, नखांनी, कडेच्या फटीतला सुद्धा. दादाने बाटलीतलं पाणी दिलं, त्यांनी त्याने दगड धुतला. मग म्हणाले, "इथं आई तेल सोडायची दसऱ्याला." एवढंच बोलले दिवसभरात.

तिथून गाडीवाट अजून कळते. दोन्ही अंगाला जोती, मध्ये खोलगट पट्टा, नदीकडे उतरत जातो. रुंदी टेपने मोजली, तीन ठिकाणी, १६ फूट, १७ फूट, १६ फूट ४ इंच. साधारण दोनशे मीटर चालल्यावर चिखल मऊ व्हायला लागला, दादा गुडघ्यापर्यंत गेला, तिथे थांबलो. पुढे पाणी. उतार स्वतः पाण्याखालीच आहे, तो नदीच्या पात्रात, एवढ्या खाली धरण जातच नाही. पण वाट सरळ पाण्यात शिरताना दिसते, आणि समोर, पलीकडच्या काठावर, दरडीत एक खाच दिसते. दुर्बिणीतून बघितली. शीटवरच्या वाटेशी सरळ रेषेत येते.

म्हसोबाचा शोध घेतला. आजीने सांगितलेल्या टिंबाजवळ गाळच गाळ. पण कडेला तीन गोल दगड एकत्र होते, एकावर खरवडल्यावर आत लालसर काहीतरी. मी ठामपणे म्हणणार नाही. अप्पांनी खिशातून खडीसाखरेची पुडी काढली. ती त्यांनी घरून आणली होती.

१६ जून

पाऊस सुरू झाला. ट्रॅक, फोटो, मोजमापं सगळं लेयरमध्ये चढवलं. देवळाचा चौथरा, विहीर आणि उंबरा असे नदीकडचे तीन खरे पॉइंट आता मिळालेत, ते घालून गाव नकाशा परत बसवला, गावठाणातली चूक तीन मीटरच्या आत आली. आजीच्या नावांचा लेयर वेगळा ठेवलाय, त्यात नंबर, नाव, कुणी सांगितलं आणि कधी, असे चार रकाने. कुणाच्या आठवणीत वेगळं नाव असेल तर ते पण खाली जोडायचं, खोडायचं नाही.

आजीला उंबऱ्याचा फोटो दाखवला. तिने मोबाइल डोक्याला लावला.

२८ जुलै

धरण मायनसमधून वर आलं. पुण्याकडच्या धरणांतून सोडलेलं पाणी आलं. मारुतीचा चौथरा आता परत खाली.

११ ऑगस्ट

धरण भरलंय. उतारांच्या लेयरमध्ये आतापर्यंत सात जागा, पाच शीटवरच्या, दोन फक्त लोकांच्या तोंडी. पलीकडच्या गावातल्या एका आजोबांनी फोनवर तास दीड तास सांगितलं, त्यांच्या गावात आमच्या उताराला म्हसोबाचा उतार म्हणत नाहीत, त्यांच्याकडे तो 'लेकींचा उतार'. आमच्या गावात दिलेल्या मुली तिथून यायच्या म्हणून.

आजीला हे सांगितलं. ती म्हणाली ते बी लिही त्याच्याखाली. लिहिलं.